उपडा ठेवलेला ट्यूनर

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

रविवारी तुमच्या घरून निघाल्यावर मला वाटेत गाडी बाजूला घेऊन थांबावे लागले, इतके भरून आले होते. दारात उभी असताना आभाराचा एक शब्दही धड फुटला नाही, म्हणून हे पत्र. कंट्री संगीताचे माहेरघर असलेल्या या अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्येही आपल्या माणसांत पेडल स्टील गिटार, म्हणजे पायाच्या पेडलांनी आणि गुडघ्याच्या लिव्हरांनी तारांचा सूर बदलता येणारी आडवी गिटार, वाजवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, पण तंबोरा लावणारे सगळीकडे आहेत, आणि त्यांना हे कळेल अशी खात्री वाटते, म्हणून सर्वांसमोर लिहीत आहे.

गेले आठ महिने माझे वाद्य मला बेसूर लागत होते. ई नाइन्थ या ठरलेल्या जुळणीच्या दहा तारा, तीन पेडल, गुडघ्याच्या चार लिव्हर, सारे जागच्या जागी होते; तरीही तिसरी आणि चौथी तार एकत्र छेडली की आवाजात एक कर्कश थरथर उठत असे. ज्या दुकानातून मी गिटार आणि सूर मोजून पडद्यावर दाखवणारा ट्यूनर दोन्ही घेतले, तिथे ते अवजड धूड तीनदा उचलून नेले. तिन्ही वेळा त्यांनी प्रत्येक तार पडद्यावरच्या शून्यावर आणली, पैसे घेतले, आणि शेवटच्या वेळी सांगितले की यंत्र चुकत नाही, कान तयार करा. वयाच्या सातव्या वर्षापासून मिरजेच्या तंबोऱ्यापुढे बसून सा लावलेला असताना हे ऐकून घेणे मला फार जड गेले. त्यानंतर महिनाभर मी गिटारची पेटी उघडली नाही.

तुम्ही मात्र काहीच बोलला नाहीत. माझा ट्यूनर हातात घेतलात, क्षणभर पाहिलात आणि टेबलावर उपडा ठेवलात. मग आठवी, म्हणजे ई स्वराची, तार छेडून म्हणालात, “हा सा धर. आता शुद्ध गंधार गा.” मी गायले. तुम्ही तार पिळायची छोटी षटकोनी ॲलन की माझ्या हातात दिलीत आणि सहावी तार त्या गंधाराला मिळवायला सांगितलीत. थरथर मंदावत गेली आणि एका जागी दोन्ही तारा एकमेकींत विरघळल्या. तेव्हा कुठे तुम्ही ट्यूनर सुलटा केलात. सहाव्या तारेचा स्वर, जी शार्प, शून्याच्या १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली होता. “अगं, कान बरोबर आहे तुझा,” एवढेच तुम्ही म्हणालात. आठ महिन्यांत हे मला कोणी म्हटले नव्हते.

दुकानातल्या शून्याचे गणित तुम्ही नंतर समजावलेत. हार्मोनियमसारख्या समान विभागलेल्या सप्तकात गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार सुमारे ३८६ वर. आणि त्या १४ सेंटांच्या फरकामुळेच माझ्या तिसऱ्या-चौथ्या तारेत त्या थरथरीचे सेकंदाला तेरा ठोके पडत होते. सगळ्या तारा शून्यावर लावून उत्तम वाजवणारे वादक आहेत, हेही तुम्ही न्यायाने सांगितलेत. पण मला जे खटकत होते ते खरोखरच तिथे होते, आणि त्याला मोजता येणारा आकडा होता.

पुढचे तीन तास मी विसरणार नाही. स्वतःच्या गिटारचे आकडे माझ्या ट्यूनरमध्ये दोन मिनिटांत भरून देणे तुम्हाला सहज शक्य होते. त्याऐवजी तुम्ही एकेक पेडल दाबायला लावून माझ्याच वाद्याचे स्वर माझ्याच कानाने ठरवून घेतलेत, कारण पेडल दाबल्यावर ताण वाढून गिटारची लाकडी पेटी किंचित वाकते, बाकीच्या तारा थोड्या उतरतात, आणि हे उतरणे प्रत्येक गिटारचे वेगळे असते. पहिल्या पेडलने बी वर चढून सी शार्प झाला, तो ए चा गंधार म्हणून पुन्हा सुमारे १४ खाली. ई ला एफ करणारी लिव्हर तर त्या सी शार्पचाही गंधार देते, म्हणून तिला शून्यापासून सुमारे २८ सेंट खाली ठेवायचे, गंधाराचा गंधार! हे ऐकून मी आनंदाने उडालेच. दुकानात याच तारेला शून्यावर आणण्यासाठी टोकाचा नायलॉनचा नट पिळून पिळून झिजवला होता. आणि पीटरसन कंपनीच्या या ट्यूनरमध्ये पेडल स्टीलसाठी अशी ट्यूनिंग कारखान्यातूनच भरलेली येतात, स्वतःची वेगळी साठवताही येतात, हे ट्यूनर विकणाऱ्याने मला कधी सांगितले नाही.

तुमच्याइतके जाणणारी माणसे या गावात आणखीही असतील. पण समोरच्याला काहीतरी ऐकू येते आहे, ते आधी खरे मानून मग हत्यार उचलणारा माणूस मला तुमच्या रूपाने प्रथमच भेटला. पंचाहत्तरीच्या घरात असताना, पेडलच्या सळया पाहायला तुम्ही जमिनीवर आडवे झालात, आणि काकूंनी दोनदा जेवायला हाक मारली तरी “हिचा एफ शार्प राहिलाय” म्हणून उठला नाहीत.

आता रोज संध्याकाळी आधी ट्यूनर उपडा ठेवते, आठव्या तारेवर गंधार गाऊन घेते आणि मगच आपण साठवलेले ट्यूनिंग उघडते. काल पेडल न दाबता ई आणि पहिली दोन पेडल दाबून ए, एवढेच दोन कॉर्ड अर्धा तास वाजवत बसले होते.

तुमची ॲलन की माझ्या पर्समध्येच राहिली आहे. येत्या रविवारी ती घेऊन येते, आणि काकूंसाठी पुरणपोळ्याही.

आपली कृतज्ञ,
रविवारची विद्यार्थिनी