हृदयाच्या ऑपरेशनच्या आधी त्या पिशवीबद्दल विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या आबांची तीन वर्षांखाली हृदयाच्या व्हॉल्वची (झडपेची) सर्जरी झाली, ठोके आधीपासूनच अनियमित होते, ऑपरेशन चांगलं झालं, पण पुढच्या दिवाळीत सकाळी हातातली कपबशी सुटली, तोंड वाकडं झालं अन् उजवा हात गेला. परभणीच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं तेव्हा कुठं कळलं. ठोके असे बिघडले की हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते तिथं रक्त साचतं, गाठ होते, ती मेंदूत गेली की लकवा. छाती उघडलेलीच असते तेव्हा सर्जन ती पिशवी टाक्यानी किंवा क्लिपनी बंद करू शकतात. आम्हाला हे कोणी बोललंच नाही, हेच मनाला लागतं.

2021 मध्ये 27 देशांतल्या अशाच 4811 पेशंटचा मोठा अभ्यास आला, साधारण पावणेचार वर्षांत पिशवी बंद केलेल्यांत स्ट्रोक (मेंदूचा झटका) किंवा शरीरात दुसरीकडं गाठ अडकण्याचं प्रमाण 4.8 टक्के, बाकीच्यांत 7 टक्के. अन् हे बहुतेक पेशंट रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतच होते, म्हणून पिशवी बंद केली की गोळी सोडली असं कोणी करू नका. ज्यांचे ठोके अनियमित आहेत अन् हृदयाचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी सही करायच्या आधी एवढं विचाराच, सगळ्यांना जमेल असं नाही, ते सर्जनच ठरवतील.

आबांची रक्त पातळ करायची वॉरफेरिनची गोळी आता रोज संध्याकाळी मीच हातावर ठेवतो, आयएनआरसाठी, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्या तपासणीसाठी, तालुक्याला नेतो.

— एक मुलगा, जि. परभणी