थर्मासातल्या काढ्याबद्दल, डॉक्टरताईंना

प्रिय डॉक्टरताई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. रात्रपाळीला असायचात, एप्रनच्या खिशावर शाईचा डाग होता, एवढंच आठवतंय.

दादाच्या यकृत प्रत्यारोपणानंतरचा आठवा दिवस. माझ्या यकृताचा उजवा भाग त्याच्या पोटात, एसजीपीटी (यकृत दुखावलं की रक्तात वाढणारा आकडा) चढलेला, बायोप्सीत सौम्य रिजेक्शन, म्हणजे दादाचं शरीर नवं यकृत नाकारू लागलेलं. आणि आमची आई थर्मास घेऊन उभी. गुळवेलीचा काढा, ‘प्रतिकारशक्ती वाढायला’!

सकाळी एकजण तिच्यावर खेकसून गेलेच होते. तुम्ही मात्र स्टूल ओढलंत. ‘मावशी, त्याची प्रतिकारशक्ती झोपवायला आम्ही गोळ्या देतोय आणि तुम्ही तिला उठवताय.’ मग एक्स-रेच्या पाकिटावर यकृत काढलंत. खरं सांगू? वांगं वाटत होतं.

आतड्यांकडून येणारं रक्त आधी यकृतात शिरतं. त्यात अन्नातलं काय काय, जंतूंचे तुकडे, सगळं परकंच. प्रत्येकाशी भांडत बसलं तर यकृतच होरपळेल. म्हणून तिथल्या बारीक रक्तवाटांना चिकटलेल्या कुप्फर पेशी येईल ते गिळतात आणि सहसा बोभाटा करत नाहीत. ‘थोरल्या जावेसारख्या,’ तुम्ही म्हणालात. स्वतः थोरली जाऊ असलेली आई तिथे पहिल्यांदा हसली.

मूत्रपिंडाला टिश्यू जुळणं जितकं महत्त्वाचं, तितकं यकृताला का नाही, रक्तगटावर बहुधा कसं भागतं, हे मला तेव्हा कळलं. 1969 मध्ये केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी डुकरांची यकृतं बदलली, तर त्यातल्या कित्येकांनी औषधांशिवायच ती स्वीकारली, हेही तुम्हीच सांगितलंत. ‘मग मला गोळ्या कशाला?’ दादा खाटेवरून. ‘तुम्ही डुक्कर नाही म्हणून!’ टाके ओढले जाईपर्यंत हसला तो.

पुढचं तुम्ही हळू आवाजात सांगितलंत. कापून काढलेल्या यकृतात रक्त पुन्हा सुरू झालं की याच शांत पेशी बिथरतात, सूज वाढवतात. त्यात दादाच्या टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना, माझं यकृत परकं वाटतं. तीन दिवस स्टेरॉइडची इंजेक्शनं गेली, आकडे उतरले.

आता तपासणीच्या दिवशी टॅक्रोची (प्रतिकारशक्ती झोपवणाऱ्या टॅक्रोलिमसची) सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. दादा विसरला तर आई फोन करते, ‘सॅम्पल दिलंस का आधी?’

ते पाकीट आमच्या फ्रिजवर आहे. गुळवेल गॅलरीतच आहे, आई तिला पाणी घालते. काढा नाही.

तुमची,
पलंग क्रमांक सातची बहीण