ओल्या फडक्यात माठाची जुडी जपून ठेवणाऱ्या मावशींना

मावशी,

तुम्हाला वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमची नात वाचून दाखवेल. तिच्याबरोबर आणखी चार जणांनी वाचलं तर बरंच होईल, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

परवा पोरीचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ११.४. गेल्या आषाढात ते ८.२ होतं. कागद घेऊन मी घरी न जाता आधी तुमच्या भाजीच्या पाटीपाशी आले. गिऱ्हाइकांची गर्दी होती. नुसती कोथिंबीर घेतली आणि परत फिरले. बोलायचं होतं ते तोंडातच राहिलं.

८.२ आलं तो दिवस अजून डोक्यातून जात नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली नाही. म्हणाल्या, "हिरव्या पालेभाज्या द्या, फळं द्या. वडापाव चारता आणि मग इथं येता." पोर शेजारीच बसली होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सकाळी सहाला घर सोडते, तेव्हा गल्लीत एक पाटी लागलेली नसते. फोर्टातल्या ऑफिसची झाडलोट उरकून हार्बरच्या लोकलनं गोवंडीला उतरते तेव्हा साडेनऊ झालेले असतात. त्या वेळी उरतो तो चिखल झालेला पालक आणि पिवळी मेथी. घरात फ्रिज नाही, रविवारची भाजी मंगळवारी टाकून द्यावी लागते. बाई, तुम्ही कामावरून किती वाजता येता, एवढं कुणी विचारलं असतं तरी मला पुरे होतं.

रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, आता ते फुकट आहे, आणि त्यामुळे घरात कुणी उपाशी झोपत नाही. ते उपकार मी मानते. पण पोट तांदळानं भरतं, रक्ताला आणखी काही लागतं. पोरीनं शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती काढली होती. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली सांगितलं आहे की मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या खाण्यात ४०० ग्रॅम भाजी हवी. तिनं वहीत हिशोब मांडला. चार माणसांना एक किलो सहाशे ग्रॅम, साठ रुपये किलोनं दिवसाचे ९६ रुपये. महिन्याचे २,८८०. माझा पगार अकरा हजार, त्यातले साडेचार खोलीच्या भाड्याला. तिनं पुढं काही लिहिलं नाही, वही मिटली. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर बायकांमागे ५४ जणींना रक्त कमी निघालं, हेही त्याच वहीत आहे. ५४ जणी काय हौसेनं वडापाव खातात?

मधे एकदा काही लोक भाजीच्या पिशव्या वाटून गेले. रांगेत उभं केलं, पिशवी हातात देऊन फोटो काढले. घरी येऊन उघडली तर टोमॅटो फुटलेले आणि भोपळा आतून कुजलेला. पोर म्हणाली, "आई, ह्यांच्या घरी हे खातात का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

आणि मग तुम्ही. त्या रात्री मी सहज विचारलं, "मावशी, माठ नाही का?" तुम्ही म्हणालात, "लाल माठ सकाळीच संपतो गं. कुणाला पाहिजे?" मी सांगितलं, पोरीला, रक्त कमी आहे. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, ऐकलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या रात्री तुम्ही पाटीखालून एक ओलं फडकं काढलंत. उलगडलं तर आत माठाची जुडी, जशी काही आत्ताच खुडलेली. पहाटे वाशीच्या मार्केटातून आणलेली, दिवसभराच्या उन्हात तुम्ही त्या फडक्यावर किती वेळा पाणी शिंपडलं असेल! मी पर्समध्ये हात घातला आणि मनात म्हटलं, नको म्हणू नका. तुम्ही वीसची नोट घेतलीत आणि पाच रुपये परत दिलेत. सकाळच्या गिऱ्हाइकाला जो भाव, तोच मला. फुकट दिली असतीत तर मी दुसऱ्या दिवशी त्या गल्लीनं आले नसते.

पण मला रडू आलं ते वेगळ्याच दिवशी. मी थोडी लवकर आले होते, मागं उभी होते. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंना पाटीखालचं फडकं दिसलं. त्या म्हणाल्या, "ती ताजी द्या, पंचवीस देते." तुम्ही म्हणालात, "ती विकली गेली." मी अजून एक पैसा दिला नव्हता, मावशी. त्या दिवशी मी येईन की नाही, हेही तुम्हाला माहीत नव्हतं.

रक्तवाढीच्या गोळ्यांनी गुण आला, हे मला कळतं, आणि पोरीनं त्या एक दिवस चुकवल्या नाहीत. पण जेवताना माठावर लिंबू पिळायला तुम्ही सांगितलंत, "जेवल्याबरोबर चहा देऊ नकोस" हेही तुम्हीच. दवाखान्यातल्या सिस्टरनं नंतर तेच सांगितलं. लिंबानं पालेभाजीतलं लोह अंगी लागतं, चहानं अडतं. माठ नसला की चाकवत, कधी शेवग्याचा पाला, श्रावणात टाकळा. आठ महिने, रोज रात्री. अक्षरओळख नसलेल्या बाईला दुसऱ्याच्या पोरीचं रक्त आठवत राहतं, आणि शिकलेली माणसं समोर बसलेल्या पोरीकडं बघत नाहीत. माणुसकी शाळेत शिकवत नसावेत. तुमच्यासारखी माणसं गल्लोगल्ली आहेत, पाटीमागं बसलेली, म्हणून आमच्यासारखे इथं टिकून आहेत.

तुमचा गुडघा दुखतो, टेम्पोत चढताना हात धरावा लागतो, हे तुमच्या नातीकडून कळलं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मला सुट्टी असते. ह्या शनिवारी पहाटे तीनला मी तुमच्या दाराशी येईन. माल मी उचलते, तुम्ही फक्त निवडा. फडकं धुऊन वाळत घातलंय, ते घेऊनच येते.

तुमची,
माठवाली पोर म्हणता ना, तिची आई