डेंटल स्टिकमुळे कुत्र्याची दाढ मोडल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या कंपनीच्या १५ डेंटल स्टिकचे पाकीट मी गेल्या महिन्यात गुहागरच्या पत्त्यावर मागवले होते. ‘रोज एक स्टिक द्या, ब्रशची गरज नाही, जुने कीटणही निघेल’ असे पाकिटावर ठळक छापलेले वाचून आमच्या सहा वर्षांच्या मोत्याला मी त्या सुरू केल्या. चौथ्या संध्याकाळी पडवीतून कडकन आवाज आला. जाऊन पाहते तो मोत्या पंजाने तोंड खाजवत होता आणि खाली रक्ताच्या थेंबांत नखाएवढा पांढरा ढलपा पडलेला होता.

दुसऱ्या दिवशी भर पावसात त्याला चिपळूणला डॉक्टरांकडे नेले. वरच्या जबड्यातली, हाडे फोडायची मोठी दाढ उभी चिरून आतली नस उघडी पडली होती. तिला तीन मुळे असल्याने भूल देऊन, दाढेचे तुकडे करून ती काढावी लागली. डॉक्टरांनी साधी कसोटी सांगितली: अंगठ्याचे नख दाबून जिच्यावर खूण उमटत नाही, अशी वस्तू कुत्र्याला चावायला देऊ नये. घरी येऊन मी आपल्या स्टिकवर नख दाबले, तर नखच दुमडले; जांभ्याच्या पायरीवर आपटली, तर करवंटीसारखी वाजली.

पाकिटावरचा दावाही दिशाभूल करणारा आहे. दातांवरचा चिकट थर दोन-तीन दिवसांतच लाळेतल्या क्षारांनी घट्ट होऊन त्याचे कीटण बनते, म्हणून तो रोज ब्रशने काढायचा असतो. हिरडीखाली गेलेले कीटण तर भूल देऊनच साफ करावे लागते. हीच स्टिक आपण मांजरांसाठीही सुचवता. आमच्या मनीने ती हुंगून पाठ फिरवली, तेवढे तरी बरे झाले.

तरी पाकिटाचे ४४० रुपये व उपचाराचे ७,२०० रुपये परत द्यावेत आणि ‘ब्रशची गरज नाही’ हे वाक्य पाकिटावरून काढावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी रत्नागिरीच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय या कायद्यात आहे.

बिले व दाढेची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. उरलेल्या ११ स्टिक जपून ठेवल्या आहेत. आपल्या प्रतिनिधीने येऊन स्वतःचे नख दाबून पाहावे.

आपली,
एक ग्राहक, गुहागर