आई-बाबा, दोघांच्या विचारांना एकच औषध नाही

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा पहाटे तीनला उठून ओसरीवर बसून राहतात, असं आईनं सांगितलं. आणि आई, विळीवर बसलीस की नातवाबद्दल मनात जे भलतंसलतं येतं, तेही तू रडत रडत बोललीस. फोनवर हे सगळं नीट समजावता येत नाही, म्हणून लिहिते आहे. सवडीनं वाचा. घाई नाही.

तुम्हा दोघांचा त्रास एक नाही, हे आधी लक्षात घ्या. बाबांना येणारा विचार त्यांना खरा वाटतो, म्हणून तो पोखरतो. आईला येणारा विचार तिला स्वतःलाच नकोसा आहे, त्याची किळस येते, तरी तो येतो. पहिल्याची उलटतपासणी करायची असते. दुसऱ्याची उलटतपासणी केली की तो आणखी बळावतो. आपल्याकडं दोघांनाही "चांगला विचार करा, देवाचं नाव घ्या" एवढंच सांगतात, आणि त्यानं भागत नाही.

बाबा, आधी तुमचं. 1960 च्या दशकात ॲरन बेक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की मन खचायच्या आधी क्षणभर एखादं वाक्य डोक्यात चमकून जातं आणि माणूस ते न तपासताच खरं धरून चालतो. ते वाक्य पकडायला वही लागते. दोनशे पानी वही आडवी धरा आणि पाच रकाने आखा: काय घडलं, काय वाटलं आणि शंभरपैकी किती, मनात नेमकं कोणतं वाक्य आलं, त्याच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा, आता काय म्हणता येईल आणि वाटणं किती उरलं. एका वेळी एकच वाक्य घ्या. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. लिहायचं ते दुपारी जेवण झाल्यावर. पहाटे तीनला थकलेलं मन पुरावा नीट तोलत नाही.

समजा, जुलैत पंधरा दिवस उघडीप पडली. भीती 85. वाक्य आलं, "सोयाबीन गेलं, सगळं बुडालं." इथं "आता कसं होईल?" असं लिहू नका, कारण प्रश्न तपासता येत नाही, विधान तपासता येतं. बाजूचा पुरावा: दुपारी पानं माना टाकतात, माळाच्या हलक्या रानातलं पीक पिवळं पडलंय. विरुद्धचा: खालचं रान काळं, भारी आहे, वीतभर उकरलं की ओल लागते. पेरणी जूनअखेरची, पीक अजून फुलावर यायचंय. सोयाबीनला पाण्याचा ताण सगळ्यात जास्त बाधतो तो फुलं लागताना आणि शेंगा भरताना. शिवाय तासात तूर आहे, ती डिसेंबर-जानेवारीपर्यंत रानात उभी असते. शेवटच्या रकान्यात मग असं येईल: "उतारा घटेल, हलक्या रानात जास्त घटेल. ऑगस्टातही पावसानं ओढ दिली तर मोठं नुकसान होईल. पण सगळं गेलं म्हणायला आज आधार नाही." भीती 55.

85 ची 55 झाली म्हणजे जमलं. शून्य होणार नाही, आणि ते करायचंही नाही. चुका होतात त्या अशा: वाक्याच्या रकान्यात "भीती वाटते" लिहिलं जातं, ते वाक्य नव्हे, ती भावना. पारावर कुणीतरी म्हणालं "यंदा दुष्काळच", हे पुराव्यात धरलं जातं. आणि शेवटी "सगळं छान होईल" असं गोड लिहिलं जातं. स्वतःलाच न पटणारं वाक्य लिहून भीती तसूभरही उतरत नाही.

पण तपासल्यावर विचार खराच निघाला तर? आपल्या भागात तसं अनेकदा निघतं, आणि तेव्हा मनाची समजूत घालत बसणं हा माणसावर अन्याय आहे, असं मला ठाम वाटतं. मग पान उलटायचं आणि कामं लिहायची: कर्जाचा नेमका आकडा, हप्त्याची तारीख, पुनर्गठनाचं विचारायला बँकेत कोणत्या दिवशी जायचं, सोबत कोण येणार.

उरलेल्या चिंतेला वेळ ठरवून द्या. रोज संध्याकाळी पाच वाजता, एकाच जागी, वीस-तीस मिनिटं. अंथरुणावर मात्र नाही. दिवसभरात चिंता आली की चिठ्ठीवर एक शब्द टिपायचा आणि "पाचला बघू" म्हणून हातातलं काम पुढं चालवायचं. बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ही रीत तपासून मांडली. पहिले काही दिवस विचार ऐकत नाही, पुन्हा पुन्हा पुढं ढकलावा लागतो. रात्री जाग आली आणि अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून मंद उजेडात बसा, झोप आली की परत आडवे व्हा. घड्याळ पाहू नका. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच ठेवा.

आई, आता तुझं. तुझ्या मनात येतं तसं बहुतेकांच्या मनात येतं. 1978 मध्ये राखमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी साध्या, निरोगी माणसांना विचारलं, तेव्हा दहापैकी जवळजवळ आठ जणांनी असे नको ते विचार येतात असं सांगितलं. ते येऊन विरतात, कारण ती माणसं त्यांना अर्थ चिकटवत नाहीत. तू मात्र "मी अशी कशी?" म्हणून घाबरतेस, विळी उचलून माळ्यावर टाकतेस, अकरा वेळा जप करतेस, आणि बाबांना विचारतेस, "माझ्या हातून काही होणार नाही ना?" त्यानं घटकाभर बरं वाटतं, आणि मन शिकतं की संकट खरंच होतं, जपामुळं टळलं.

दाबूनही उपयोग नाही. 1987 मध्ये वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिली.

म्हणून विचार आला की मनात एवढंच म्हण: "नको तो विचार आला." वाद घालू नकोस, उलट जप करू नकोस. वांगी चिरत असशील तर चिरत राहा. छातीत धडधडेल, ती वाढेल, आणि काही न करताही उतरेल. जपही एकदम सोडू नकोस. विचार आल्यावर आधी पाच मिनिटं थांब, मग दहा, मग अकराचे आठ कर. सकाळची पूजा आहे तशीच राहू दे. सोडायचा आहे तो फक्त भीतीपोटीचा जप. आणि बाबा, तिनं विचारलं की "हा तोच विचार आहे, मी उत्तर देत नाही, इथं बसतो" एवढंच म्हणा. हे तुम्हाला निष्ठुर वाटेल, पण दर वेळी दिलेला धीरच तिचा आजार पोसतो.

आई, यात तुझा दिवसाचा तासाभराहून जास्त वेळ जात असेल, तर घरच्या घरी रेटू नका. बाबा, दोन आठवडे सलग मन उदास असेल, जेवण-झोप तुटली असेल, तर तुमचंही तेच. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात मनोविकार विभागात दाखवा. जाताना बीपीच्या गोळ्या आणि जुने रिपोर्ट सोबत न्या आणि थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी-12 तपासायला सांगा. या वयात धडधड आणि खचलेपण कधी कधी तिथूनही येतं. "जगून काय करायचं" असं कधी मनात आलं, तर त्याच घडीला एकमेकांना सांगा, मला रात्री-अपरात्री उठवा, किंवा 14416 वर लावा. टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या मदतसेवेचा हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलतात. आणि फवारणीची औषधं आजच घरातून हलवून चुलत्यांच्या गोदामात कुलपात ठेवा, किल्ली त्यांच्याकडंच राहू द्या.

बाबा, वही मला वाचून दाखवायची नाही. रविवारी फोन करीन तेव्हा कुठल्या रकान्यात अडलं, एवढंच सांगा.

तुमची,
लेक