दहा रुपये जास्त का, ते सांगते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वर्ध्याच्या एका सद्गृहस्थांचे पत्र छापून आले. मोबाइलवरून गावची भाजी मागवली, वांगी चाळीस रुपये किलो पडली, तीच बाजारात तीसला होती, वर एका वांग्यात अळी निघाली, अशी त्यांची तक्रार. शेवटी त्यांनी विचारले आहे, "अशी परस्पर विक्री करायचा परवाना यांना दिला कोणी?" गावाचे नाव त्यांनी लिहिलेले नाही. पण आम्ही काही बाया दर आठवड्याला मोबाइलवर भाजीची यादी पाठवतो, त्या बुधवारच्या यादीत काटेरी वांगी माझ्या एकटीचीच होती, तेव्हा उत्तरही मीच द्यायला पाहिजे.

आधी अळीचे. निघाली असेल, मी नाही म्हणत नाही. ही अळी बारकी असतानाच फळात शिरते, तिचे भोक मागे बुजून जाते आणि वांगे वरून तुकतुकीतच दिसते. विळीवर घेतल्याशिवाय कळत नाही, मलाही नाही. मी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडणारे) लावते, सुकलेले शेंडे मोडून जाळते, निंबोळी अर्क फवारते. तरी हंगामात एखाद-दोन वेळा औषध मारावेच लागते. मारले की कोणते मारले आणि कधी मारले हे यादीत लिहिते, आणि डब्यावर सांगितलेले दिवस उलटेपर्यंत तोड करत नाही. आमच्या यादीत 'सेंद्रिय' हा शब्द तुम्हाला सापडणार नाही. 'विषमुक्त' तर नाहीच. हे शब्द पाटीवर लिहायला खडू तेवढा लागतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना मजुरांना विषबाधा झाली, माणसे गेली. त्या वर्षापासून आमच्या घरी हातमोजे आणि तोंडाला मास्क असल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही असे ठरले आहे. औषधाची भीती गिऱ्हाइकाच्या आधी आम्हाला आहे. अळीच्या वांग्याचे पैसे मात्र मी परत करते किंवा पुढच्या बुधवारी वांगे बदलून देते. त्यांनी फोटो पाठवला असता तर त्यांनाही दिले असते.

आता परवान्याचे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. तेव्हापासून शेतकरी आपली भाजी कुठेही आणि कुणालाही विकू शकतो. अन्नसुरक्षा व मानके कायदाही शेतकऱ्याच्या पिकाला लागू नाही, कलम १८ मध्ये तसे लिहिले आहे. लोणचे, पापड, हळदपूड यांची गोष्ट वेगळी. त्यासाठी आमच्या बचतगटाने नोंदणी केली आहे आणि चौदा आकडी नंबर प्रत्येक बरणीवर चिकटवला आहे. ती हळद समुद्रपूर तालुक्यातल्या माझ्या नणंदेकडून येते. वायगावची हळद, तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. (हळदीला. नणंदेला नाही.)

राहिले दहा रुपये.

नोव्हेंबरात मी एका खेपेला सहा क्यारेट वांगी नागपूरला पाठवली. वीस किलोचा एक क्यारेट, म्हणजे एकशे वीस किलो माल. पहाटे हर्रास (लिलाव) झाला, भाव निघाला सात रुपये. आठशे चाळीसची पट्टी आली. त्यातून गाडीभाडे क्यारेटमागे तीस, म्हणजे एकशे ऐंशी गेले. हमाली अठ्ठेचाळीस. तोडायला दोन बाया लावल्या होत्या, त्यांचा रोज पाचशे. माझ्या हातात एकशे बारा रुपये उरले. रोप, खत, पाणी, रात्रीची जागल यात धरलेलीच नाही. बोर अभयारण्याचे जंगल जवळ असल्याने रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) आमच्याकडे पाहुण्यासारखे नाही, घरच्यासारखे येतात. त्याच दिवशी वर्ध्याच्या बाजारात वांगी तीस रुपयांनी विकली जात होती. सात आणि तीसच्या मधले तेवीस रुपये कुठे गेले, हे त्या सद्गृहस्थांनी एकदा तरी विचारायला हवे होते. मी त्यात सगळ्यांना चोर म्हणत नाही. अडत्यालाही पोरंबाळं आहेत, चिल्लर विकणाऱ्या बाईचा निम्मा माल संध्याकाळपर्यंत सुकतो. पण ते तेवीस रुपये माझे नव्हते एवढे खरे.

आमच्या चाळीसमधले चार रुपये गटाच्या डब्यात जातात. तीन नेण्या-आणण्याला, एक पिशवीला. बत्तीस मला मिळतात. ज्या बुधवारी पस्तीस किलो वांगी गेली, त्या बुधवारी अकराशे वीस रुपये घरी आले, आणि पस्तीस किलो तोडायला बाया लावाव्या लागत नाहीत, मी आणि सासूबाई पुरतो. हिशेब एवढाच आहे. यातून माझी सगळी वांगी खपतात असे कुणी समजू नये. उरलेला माल अजूनही नागपूरच्या गाडीतच चढतो.

आमचा बाजार चालतो कसा, तेही थोडे सांगते, कारण त्या पत्रावरून वाटते की आम्ही कुठेतरी दुकान मांडून बसलो आहोत. आम्ही पाच घरच्या बाया आहोत, सगळ्या सेलू तालुक्यातल्या. २०२० च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले, भेदरं (टोमॅटो) झाडावर पिकून सडायला लागली, तेव्हा माझ्या भाच्याने त्याच्या वर्ध्याच्या मित्रांना व्हॉट्सॲपवर विचारले. तेव्हा अठरा घरे होती, आता चौसष्ट आहेत. रविवारी दुपारी आम्ही पाचही जणी वावरात फिरून बघतो की बुधवारी काय तोडणीला येईल आणि किती. भाचा त्याचा फॉर्म करतो. रात्री आठला यादी जाते, मंगळवारी रात्री नऊला बंद होते. बुधवारी जेवढी मागणी असेल तेवढीच तोड. संध्याकाळी पाचला शहरातल्या एका शाळेच्या ओट्यावर नावे लिहिलेल्या पिशव्या ठेवतो, लोक येऊन घेऊन जातात. पैसे बहुतेक जण मोबाइलवरच देतात. पहिल्या महिन्यात यादीत 'सांबार' लिहिले तर पुण्याहून बदलून आलेल्या एका बाईंनी विचारले, इडलीसोबतचे का? तेव्हापासून आम्ही 'सांबार (कोथिंबीर)' असे लिहितो. 'भेदरं' मात्र 'भेदरं'च ठेवले आहे, शिकतील हळूहळू.

ताजेपणा म्हणजे काय, हे वांग्यावरून कळायचे नाही. वांगे चार दिवस तग धरते. ते कळते हरभऱ्याच्या भाजीवरून. सध्या तिचाच हंगाम आहे. पीक महिनाभराचे झाले की कोवळे शेंडे खुडायचे. खुडल्याने झाडाला फुटवे जास्त येतात, म्हणजे भाजीही मिळते आणि पुढे घाटेही वाढतात. पण पहाटे दव असताना हात घालता येत नाही. पानांवर आंब असते, ती बोटांच्या भेगांत शिरली की रात्रभर ठणका लागतो. उन्ह वर आले, पाने कोरडी झाली, की ओटीत खुडत जायचे. ओटी भरली की सावलीत ओल्या गोणपाटावर मोकळी करायची. दाबून भरली तर तासाभरात आतून गरम होते आणि काळी पडते. दुपारी तीनच्या आत सैल पिशवीत, आणि संध्याकाळी तुमच्या घरी कांदा, हिरवी मिरची, दाण्याचे कूट आणि वरून कच्चे तेल घालून घोळाणा. दुसऱ्या दिवशी त्याच पानांचा घोळाणा करून बघा, गवत खाल्ल्यासारखा लागतो. ही भाजी कोणत्या हर्रासात आणि कोणत्या शीतगृहातून तुमच्यापर्यंत येणार? पिकवणाऱ्याने आणि खाणाऱ्याने आधी एकमेकांना सांगितले तरच ती पोहोचते. तुरीच्या ओल्या शेंगांचे आणि पोपटाच्या (वालाच्या) शेंगांचेही थोडेफार असेच आहे.

दोनेक वर्षांपूर्वी एक कंपनीही गावात आली होती. गळ्यात पट्टे घातलेली पोरे, हातात टॅब. थेट शेतातून ग्राहकाकडे, असे भाषण झाले. पाच क्यारेटमधले दोन त्यांनी परत केले, वांग्याच्या देठाला काटे आहेत म्हणून. काटेरी वांग्याला काटे नसतील तर काय मोत्ये असतील? पैसे चाळीस दिवसांनी आले, आणि नंतर तो नंबर लागेनासा झाला. नाव लिहीत नाही, त्यांच्यासारखे अजूनही बरेच येतात.

पण मला खरी तक्रार करायची आहे ती आमच्याच गिऱ्हाइकांची, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे. मागच्या बुधवारी सकाळी साडेदहाला मेसेज आला, "काकू सॉरी, पाहुणे आले, बाहेरच जेवणार, मेथी कॅन्सल करा." नऊ जुड्या होत्या, घरी हळदीकुंकू की काय होते म्हणून मागवलेल्या. तोपर्यंत त्या उपटून, माती झटकून, बांधून ठेवल्या होत्या. बाजारात बसणारीकडून तुम्ही मेथी घेतली नाही तर ती दुसऱ्याला विकते. इथे मात्र ती तुमच्या नावाने जमिनीतून काढलेली असते. परत रोवता येत नाही. त्या नऊ जुड्यांतल्या दोन एसटीच्या कंडक्टर बाईंना दिल्या, तीन वाटल्या, बाकीच्या शेळीने खाल्ल्या. शेळी खूश होती. मंगळवारी रात्री नऊच्या आत कितीही वेळा बदला, आम्ही हूं की चूं करत नाही. त्यानंतर नाही, एवढेच म्हणणे आहे. आणि पाच वाजता सांगितले तर सहाच्या आत या. सव्वासातला शेवटची बस आहे, ती चुकली की मला नवऱ्याला फटफटी घेऊन बोलवावे लागते.

चुका आमच्याही होतात, लपवत नाही. एकदा दोन देशपांड्यांच्या पिशव्यांची मी अदलाबदल केली. एका घरी ढेमसे गेले, ज्यांच्याकडे कुणी ढेमसे खात नाही, आणि दुसऱ्यांचे वांग्या-रोडग्यांचे जेवण वांग्यांवाचून अडले. यंदा पावसाळ्यात दोन बुधवार यादीच काढली नाही. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला आहे, पण वावरापासून डांबरी सडकेपर्यंतचा पांदण रस्ता अजून आमच्या आजेसासऱ्यांच्या काळातलाच आहे. त्यात बंडी रुतते, ऑटोचे तर नावच नको. जमले तर भाडोत्री ऑटो, नाहीतर एसटी, असे आमचे चालते. एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्याबद्दल सरकारचे आभार. माझे तिकीट अर्धे, वांग्यांचे लगेज मात्र पूर्ण. बायांच्या गटांच्या भाजीच्या दोन क्यारेटपुरती तरी सवलत द्यावी, ही मागणी आपल्या अंकातून वर पोहोचली तर बरे होईल. शहरात बुधवारी दोन तास सावलीची एखादी जागा मिळाली तर त्याहून बरे. शाळेचा ओटा सुट्टीत बंद असतो, आणि मेमध्ये पंचेचाळीस अंशांत सांबाराच्या जुड्या घेऊन मी झाडाखाली उभी असते.

ते सद्गृहस्थ हे वाचतीलच. त्यांना एक सांगायचे आहे. हरभऱ्याला आता पंधरा-वीस दिवसांत फुले धरतील, मग खुडणे बंद. या रविवारच्या आणि पुढच्या रविवारच्या यादीत भाजी आहे, तीस रुपये पाव. बाजारात यापेक्षा स्वस्त मिळाली तर तिथूनच घ्यावी. नाहीतर मंगळवारी नऊच्या आत कळवावे, म्हणजे त्यांच्या नावाचा पाव किलो मी स्वतः खुडते. अळी दिसली तर तीही काढून ठेवते.

आपली,
एक भाजी उत्पादक शेतकरी
ता. सेलू, जि. वर्धा
(कृपया नाव छापू नये. गावातल्या सगळ्यांना कळेलच, पण तरी.)