गुरुवारची वेळ घेतली आहे

प्रिय आई-बाबा,

आईच्या स्तनातल्या गाठीची सुईने तपासणी (बायोप्सी) करायला गुरुवारी सकाळी दहाची वेळ मी घेऊन टाकली आहे. आई, तुला न विचारता घेतली, कबूल. विचारलं असतं तर "बघू गं पुढच्या महिन्यात" म्हणाली असतीस. मावशीच्या वेळी आपण सगळेच "बघू" म्हणत राहिलो. आणि "सुई लागली की कॅन्सर पसरतो" हे तिच्या डोक्यात कुणी भरवलं होतं, त्याचं नाव मी काढत नाही. तसं नसतं, एवढंच लक्षात ठेव. आठवडाभर थांबले असते तर स्वतः सोबत आले असते, पण तेवढ्या रात्री तू छताकडे बघत काढल्या असत्यास. मी शुक्रवारी रात्री पोचते.

सोनोग्राफीत गाठ दिसली, पण ती कसली हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही. म्हणून बारीकसा तुकडा काढून तपासायचा. बहुतेकींच्या गाठी साध्याच निघतात. हे ऑपरेशन नव्हे; भूल तेवढ्या जागेपुरतीच. उताणं किंवा जरा कुशीवर निजायचं, डॉक्टर पडद्यावर बघत सुई नेमकी गाठीपाशी नेतात. भुलीचं इंजेक्शन चुरचुरेल, खोटं कशाला सांगू? मग नुसता दाब जाणवतो. दुखलंच तर नेहमीसारखी ओठ मिटून पडू नकोस, लगेच सांग. आणखी भूल देता येते. तुकडा घेताना स्टेपलरसारखा 'खट्' आवाज होतो, त्याला मात्र दचकायचं नाही. असं चार-पाच वेळा. तुकडा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा, त्यामुळे टाकाही लागत नाही. पुढे जागा ओळखता यावी म्हणून तिळाएवढी धातूची खूण आत ठेवतात; ती टोचत नाही. तासाभरात मोकळी होशील.

पायात काटा गेला की तू मला वर बघून पाढे म्हणायला लावायचीस. तेराच्या पाढ्याशी मी अडखळायचे आणि काटा तुझ्या चिमटीत असायचा. गुरुवारी तू म्हण.

बाबा, आता तुमची कामं. आईची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्या दिवशी तिला पावडर, डिओ काही लावू देऊ नका. पुढून बटणं असलेला कपडा, आणि घट्टशी ब्रा सोबत. घरी आल्यावर बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ. दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन विचारल्याशिवाय नको. थोडं काळंनिळं होईल, घाबरू नका. पण दाबून धरूनही रक्त थांबेना, जागा लाल होऊन सुजली किंवा ताप आला, तर आधी डॉक्टरांना फोन, मग मला.

रिपोर्टला काही दिवस लागतात. तेवढे दिवस तुम्ही मोबाइलवर काहीही शोधायचं नाही. तुम्हालाच म्हणतेय, बाबा.

तुमची,
छकुली

ता. क. दोन दिवस आईने पाण्याची बादली उचलायची नाही. उचलली तर बाबा मला कळवणार आहेत, तसा शब्द मी घेऊन ठेवलाय.